शिरोड्याचे मीठ आणि मुलांचा हक्क

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळ शिरोडा हे गाव आहे. मराठी वाचकाला ते बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते, आणि मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हा सत्याग्रह एका ओळीत उरकला जातो. दांडी, धारासना, वडाळा, शिरोडा अशी नावे मुले पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, 'मिठासारख्या स्वस्त वस्तूसाठी एवढे लोक तुरुंगात का गेले?' या प्रश्नाचे उत्तर १९४७ साली मिठावरचा कर उठला तिथे संपत नाही. मीठ पुढेही वादाचा विषय राहिले. फरक इतकाच, की १९३० साली वाद होता तो मीठ मिळवण्याच्या हक्काचा, आणि नंतरचा वाद होता मिठातून मुलांना काय मिळायला हवे याचा. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर 'हक्क' या शब्दाचा अर्थ बराच स्पष्ट होतो.

पहारा कशावर होता?

मीठ तयार करण्याची पद्धत साधी आहे. खाजणातल्या जमिनीत बांध घालून वाफे करायचे, भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि ते उन्हात आटू द्यायचे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना अधिकाधिक खारट होते आणि शेवटी मिठाचे खडे धरतात. पावसाळा संपल्यावर कामाला सुरुवात होते, आणि उन्हाळ्यात मिठाच्या राशी उभ्या राहतात. लागते ते समुद्राचे पाणी, ऊन आणि माणसाची मेहनत.

यांतल्या कशातही सरकारचा वाटा नव्हता. तरीही परवान्याशिवाय मीठ तयार करणे हा गुन्हा होता. १९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. हा मण सुमारे ३७ किलोचा. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३० किलो मीठ लागते असे धरले, तर कराचा बोजा साधारण एक रुपया होतो. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण दिवसाला चार-सहा आणे मिळवणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ती तीन-चार दिवसांची मजुरी होती. श्रीमंताचे जेवण कितीही मोठे असले तरी तो मीठ गरिबापेक्षा फारसे जास्त खात नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला मिठाची गरज अधिक. म्हणजे उत्पन्न जितके कमी तितका हा कर जड.

शिरोड्याच्या परिसराला या कराची ओळख फार जुनी होती. पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा, अलीकडे ब्रिटिशांचा वेंगुर्ले तालुका, शेजारी सावंतवाडी संस्थान. गोव्याचे स्वस्त मीठ हद्द ओलांडून येऊ नये म्हणून ब्रिटिशांनी १८७८ साली पोर्तुगालशी करार केला आणि गोव्यातल्या मिठाचाही ताबा घेतला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरवर्षी चार लाख रुपये दिले जात. हा करार १८९२ पर्यंत चालला. दुसऱ्याच्या मुलखातले मीठ बंद ठेवण्यासाठी सरकार एवढी रक्कम मोजायला तयार होते, यावरून मिठाच्या करातून किती उत्पन्न मिळत असावे याचा अंदाज येतो.

६ एप्रिल १९३० रोजी दांडीला कायदेभंग झाला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक शिरोड्याला जमले आणि त्यांनी मिठागरांतले मीठ उचलले. पुढे ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक छोटे कलम आले: जिथे मीठ तयार होते त्या भागातल्या गावकऱ्यांनी घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करावे किंवा तयार करावे; गावाबाहेर विकू नये. मिळालेली सवलत लहान होती, पण तत्त्व मोठे होते. जगायला जे लागते, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये सरकारने उभे राहू नये, हे ते तत्त्व. कर पुरता उठला तो १९४७ साली.

समुद्राच्या मिठात काय नाही?

आता मिठाच्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. तिची सुरुवात रसायनशास्त्रात आहे.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी असते. ती जे संप्रेरक तयार करते त्याच्या रेणूत आयोडीन असते. शरीर आयोडीन तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. गरज अगदी थोडी आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ९० आणि गर्भवती स्त्रीला २५० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याला लागणारे सगळे आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावेल. पण चमचाभर आयोडीन एकदाच घेऊन भागत नाही, ते रोज थोडे थोडे मिळावे लागते.

'आमचे मीठ समुद्राचे आहे, मग त्यात आयोडीन असणारच,' असे पुष्कळांना वाटते. हा समज वर्गात हिशेब करून तपासता येतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन सुमारे ६० मायक्रोग्रॅम. पाणी पूर्ण आटवले आणि सगळे आयोडीन मिठात उतरले असे समजू. तर १० ग्रॅम मिठात जेमतेम १७ मायक्रोग्रॅम आयोडीन येईल, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या नवव्या हिश्शाइतके. प्रत्यक्षात तेवढेही येत नाही. मिठाचे खडे धरतात तेव्हा बरेचसे आयोडीन उरलेल्या कडवट पाण्यातच राहते आणि ते पाणी सोडून दिले जाते. समुद्रातले मासे आणि शेवाळ मात्र आयोडीन आपल्या शरीरात साठवतात. म्हणून मासळी हा आयोडीनचा चांगला स्रोत आहे आणि समुद्राचे साधे मीठ नाही.

मग किनाऱ्यावरच्या मुलांना आयोडीनची चिंता नको, असे म्हणावे का? मासळी रोज सगळ्यांच्या ताटात नसते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, चांगल्या मासळीचा भाव चढलेला असतो, आणि अनेक घरांत मासे खातच नाहीत. शिवाय किनाऱ्याचे मीठ किनाऱ्यावरच राहत नाही. ते घाट चढून जिथे जाते, तिथल्या मुलाच्या ताटात समुद्राची मासळी क्वचितच पोचते.

गळ्यावरची सूज आणि वर्गातले मूल

आयोडीन कमी पडले की ग्रंथी अधिक काम करू पाहते आणि फुगते. यालाच आपण गलगंड म्हणतो. १८११ साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडले. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी गलगंडावर ते वापरून पाहिले. पण मात्रेचा अंदाज नसल्याने काही रोग्यांना त्रास झाला आणि उपाय मागे पडला.

शंभर वर्षांनी तो पुन्हा पुढे आला तो शाळेतून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन या गावी डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासून शाळेतल्या मुलींवर अभ्यास केला. ज्यांनी आयोडीनचा क्षार घेतला त्या सुमारे २,२०० मुलींपैकी फक्त पाच जणींच्या ग्रंथीची वाढ दिसली. ज्यांनी घेतला नाही अशा सुमारे २,३०० मुलींपैकी जवळजवळ ५०० जणींच्या ग्रंथी वाढल्या. १९२२ साली स्वित्झर्लंडच्या एका प्रांतात आयोडीनयुक्त मीठ विकायला सुरुवात झाली. मीठच का निवडले? कारण मीठ सगळे खातात, रोज खातात आणि जवळपास सारख्याच प्रमाणात खातात. १९३० साली ज्या गुणामुळे मिठावरचा कर अन्यायाचा ठरला होता, तोच गुण इथे उपयोगी पडला.

भारतातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि मधल्या विभागाला साधे मीठ पुरवले. सुरुवातीला साधारण ३८ टक्के लोकांना गलगंड होता. सहा वर्षांनी आयोडीन मिळालेल्या भागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. साध्या मिठाच्या भागात काहीच सुधारणा नव्हती. तेव्हा त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तिथेही गलगंड उतरू लागला. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांशी या प्रयोगाबद्दल जरूर बोलावे. तुलनेसाठी एक गट ठेवल्याशिवाय पुरावा मिळाला नसता, आणि पुरावा मिळाल्यावर त्या गटाला वंचित ठेवणे हा अन्याय झाला असता. विज्ञानाची शिस्त आणि माणसाचा हक्क यांची गाठ इथे पडते.

कांगड्याच्या अभ्यासानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण 'गलगंड' या नावात एक अडचण होती. सूज दिसते, म्हणून तीच रोग वाटते. खरे नुकसान न दिसणारे आहे. गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. त्या काळात आयोडीनची टंचाई तीव्र असेल तर मूल मृत जन्मते, किंवा बहिरे, मुके, खुजे आणि मतिमंद होते. टंचाई सौम्य असेल तर मूल वरून निरोगीच दिसते. फक्त शिकायला जड जाते. १९९४ साली अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा टंचाई असलेल्या आणि नसलेल्या समूहांच्या बुद्ध्यंकात सरासरी १३.५ अंकांचा फरक आढळला. शिक्षकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे असे वाटते. 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलांपैकी काहींचे नुकसान शाळेत पाऊल टाकण्याआधीच, आईच्या जेवणातून झालेले असू शकते. जन्मानंतर कितीही आयोडीन दिले तरी गर्भावस्थेत झालेले नुकसान पुरते भरून निघत नाही.

म्हणून १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून 'आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण' असे केले गेले. ही टंचाई फक्त डोंगराळ भागात आहे हा समजही टिकला नाही. देशातल्या ४१४ जिल्ह्यांच्या पाहणीत ३३७ जिल्ह्यांत ती आरोग्याचा प्रश्न म्हणण्याइतकी आढळली, आणि एकही राज्य त्यातून सुटले नाही.

दयेकडून हक्काकडे

याच सुमारास मुलांच्या पोषणाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करारनामा स्वीकारला. त्याच्या २४ व्या कलमात पुरेसे पौष्टिक अन्न आणि स्वच्छ पाणी यांचा मुलांच्या आरोग्याच्या हक्कात समावेश आहे. सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या बालकांसाठीच्या जागतिक परिषदेत आयोडीनची टंचाई २००० सालापर्यंत जवळजवळ संपवण्याचे उद्दिष्ट ठरले. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी करारनाम्याला मान्यता दिली. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून आधीपासून होतेच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा पोषणाचा हक्क कायद्यात आणला.

मिठाच्या बाबतीत मात्र हक्काची वाट सरळ नव्हती. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर केंद्र सरकारने १९९८ साली देशभर बंदी घातली. २००० साली ती उठवली. २००६ साली पुन्हा घातली. बंदीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. मिठात आयोडीन मिसळायचे तर फवारणीची सोय, तपासणी आणि पिशवीत भरणे आले. मोठ्या कारखान्याला ते परवडते. खाजणाच्या कडेला चार वाफे असलेल्या माणसाला परवडत नाही. ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला, तेच मीठ गावकऱ्याने गावात विकणे पुन्हा गुन्हा ठरणार का, असा हा प्रश्न होता.

प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने सांगितले, की भेसळ प्रतिबंधक कायदा हानिकारक अन्न रोखण्यासाठी आहे. साधे मीठ स्वतः हानिकारक नाही, म्हणून त्या कायद्याखाली अशी बंदी घालता येत नाही. मात्र मुलांच्या आरोग्याचा विचार करून न्यायालयाने बंदी लगेच उठवली नाही. सरकारला सहा महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी लागू झालेल्या अन्नसुरक्षा नियमांत ती बंदी नव्या कायद्याखाली आली. मासे खारवणे किंवा अन्न टिकवणे, जनावरे, औषधे, कारखाने यांसाठी साधे मीठ योग्य लेबल लावून विकता येते. थेट खाण्यासाठी मात्र आयोडीनयुक्तच हवे.

मध्ये उभे राहणारा आणि पाठीशी उभा राहणारा

मग १९३० चा सत्याग्रही आणि आजचा नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत का?

मानवी हक्कांच्या अभ्यासात राज्याची तीन कर्तव्ये सांगतात: हक्काचा आदर करणे, हक्काचे रक्षण करणे आणि हक्काची पूर्तता करणे. मिठाचे उदाहरण घेतले की तिन्ही समजतात. गावकऱ्याच्या मिठावर पहारा न बसवणे हा आदर. 'आयोडीनयुक्त' असे छापून साधेच मीठ विकणाऱ्याला रोखणे हे रक्षण. आणि ज्या गर्भवतीला मासळी, दूध विकत घेणे परवडत नाही, तिच्यापर्यंत रोजच्या मिठातून आयोडीन पोचवणे ही पूर्तता. परकी राजवट पहिल्याच कर्तव्यात नापास झाली होती. स्वतंत्र देशाच्या सरकारला तिन्ही पार पाडायची आहेत.

अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच्या हक्काची पूर्तता दुसऱ्याच्या खर्चाने केली जाते. गर्भातल्या मुलाचा हक्क मोठाच आहे, कारण ते मूल वाट पाहू शकत नाही आणि बाजारात निवडही करू शकत नाही. पण म्हणून त्याची किंमत मिठागरातल्या गरीब माणसाने एकट्याने का मोजावी? नुसती बंदी घालणे सोपे असते. लहान मिठागरांना एकत्र आणून फवारणीची आणि तपासणीची सोय करून देणे कष्टाचे असते. ते जिथे होत नाही, तिथे मुलांचा हक्क हे निमित्त होते आणि बाजार मात्र बड्या कंपन्यांच्या हाती जातो. कर्तव्य राज्याचे आहे, तेव्हा खर्चाचा वाटाही राज्याने उचलायला हवा.

परिणाम झाला आहे, हेही सांगायला हवे. २००५-०६ साली देशातल्या सुमारे ५१ टक्के घरांतच पुरेसे आयोडीन असलेले मीठ होते. २०१८-१९ च्या पाहणीत हे प्रमाण ७६.३ टक्के झाले. म्हणजे दर चार घरांतले साधारण एक घर अजून बाहेर आहे. ते बहुधा सुटे, जाडे, स्वस्त मीठ घेणारे घर असते.

'पुरेसे' म्हणजे किती, हेही वर्गात गणिताला घेता येईल. ग्राहकाच्या हातात पडताना एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. १५ चा आकडा कुठून आला? दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले तर १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते, म्हणून. मीठ कमी खाण्याचा आजचा सल्ला पाळून ५ ग्रॅमच खाल्ले, तर किलोला ३० मिलिग्रॅम लागतील. आयोडीनसाठी मीठ जास्त खायचे नसते. मिठात आयोडीन योग्य तेवढे हवे असते.

कारखाना ते ग्राहक या वाटेत आयोडीन कमी होते ते ओलाव्याने आणि उष्णतेने. भारतात मिठात पोटॅशियम आयोडेट वापरतात, कारण ते दमट हवेत पोटॅशियम आयोडाइडपेक्षा जास्त टिकते. तरीही कोकणातल्या पावसात उघड्या भांड्यातले, पाझरणारे मीठ आयोडीन गमावते. जाडे मीठ धुऊन घेतले तर आणखी जाते. म्हणून झाकणाची कोरडी बरणी हवी.

मिठाची चाचणी शाळेत करता येते. चाचणीच्या द्रवात पोटॅशियम आयोडाइड, थोडे आम्ल आणि स्टार्च असते. मिठातल्या आयोडेटशी त्याची क्रिया होऊन आयोडीन मोकळे होते आणि स्टार्चमुळे निळा-जांभळा रंग येतो. आयोडीन आहे की नाही हे यातून कळते. नेमके किती आहे ते कळण्यासाठी प्रयोगशाळा लागते. मुलांनी घरोघरचे मीठ चिमूटभर आणून तपासावे. कोणाच्या घरचे मीठ 'नापास' झाले हे मात्र जाहीर करू नये. गरिबी उघडी पाडण्यासाठी हा प्रयोग नाही. त्याऐवजी गावातल्या दुकानांत कोणते मीठ काय भावाने मिळते, सुटे मीठ कोण घेते आणि का घेते, आणि शाळेतल्या दुपारच्या जेवणात कोणते मीठ पडते, याची नोंद वर्गाने मिळून करावी.

त्या नोंदीनंतर मिठाच्या सत्याग्रहाचा धडा पुन्हा काढावा. शिरोडा हे नाव तेव्हा रिकाम्या जागेत भरण्यापुरते उरणार नाही. मग विद्यार्थ्यांना विचारावे: १९३० साली सरकारने काय करू नये यासाठी लोक झगडले, आज मुलांसाठी सरकारने काय करावे, आणि त्याचा खर्च कोणावर पडू नये?